डावा हात

लोरेटा पावलाक खेळ बघायची, पण चेंडूकडे कधी बघायची नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, अमेरिकन फुटबॉलच्या एका क्लबाच्या स्टेडियमखाली, बिनखिडकीच्या खोलीत ती एकोणचाळीस वर्षं बसत होती. आली होती टायपिस्ट म्हणून. प्रशिक्षक हातानं खरडून द्यायचे ते अहवाल टाइप करता करता तिला त्यातल्या चुका दिसायला लागल्या. एकदा न राहवून तिनं समासात लिहिलं, "हा खेळाडू थकलेला नव्हता, त्याला चुकीच्या जागी उभं केलं होतं." महिन्याभरानं तिला टाइपरायटरवरून उठवून फिल्मच्या यंत्रासमोर बसवलं. तेव्हापासून क्लबच्या बचावफळीतल्या प्रत्येक गड्याचं मोल तिच्या नजरेतून ठरत आलं होतं.

एक डाव ती चार वेळा बघे. आवाज बंद. गडी काय करतो, कुठं पाय टाकतो, कुणाला ढकलतो, एवढंच. मग वहीत एक खूण: बरा, वाईट, किंवा नुसता हजर.

त्या फेब्रुवारीत जनरल मॅनेजर रिक हेवरकँप दारात येऊन उभा राहिला.

"लोरेटा, गेन्सचा करार संपतोय. एजंट मागतोय तीन वर्षांचे तीन कोटी तीस लाख डॉलर. आणि अख्ख्या मोसमात पठ्ठ्यानं समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आडवा केला किती वेळा? दोनदा! पेपरवाले त्याला फर्निचर म्हणतात."

"पेपरवाले चेंडू बघतात," लोरेटा म्हणाली. "मला दोन आठवडे दे."

डेमेट्रिक गेन्स हा दीडशे किलोंचा मिसिसिपीचा गडी. बचावफळीच्या मधोमध उभं राहायचं, समोरचे दोन धटिंगण अंगावर घ्यायचे आणि मागच्या भिडूंना वाट मोकळी करून द्यायची, हे त्याचं काम. टाळ्या मागच्यांना मिळायच्या. क्लबात तो लोरेटाला 'मिस लोरेटा' म्हणायचा. तिचा नवरा स्टॅन गेला तेव्हा चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर, मावत नव्हता तरी, तो शेवटपर्यंत बसून होता.

पहिले आठ सामने बघून ती खूश झाली. मागे हटणं माहीतच नाही! पेपरवाल्यांच्या तोंडावर मारावा असा अहवाल तिच्या मनात तयार झाला. नवव्या सामन्यात मात्र तिनं यंत्र थांबवलं. मागं घेतलं. पुन्हा लावलं. गेन्सचा डावा हात नेहमीपेक्षा चार बोटं खाली होता. पुढच्या डावातही. त्यानंतर तो प्रत्येक वेळी अंग वळवून उजव्या खांद्यावरच मार झेलत होता. पडत नव्हता, हटत नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोसम संपल्यावरच्या तपासणीत त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं, काही दुखत नाही.

स्टॅन काचेच्या कारखान्यात होता. पाठ गेलीय हे त्यानं दोन वर्षं लपवलं, का, तर हलक्या कामावर टाकतील म्हणून. शेवटी जिना चढता येईना. लोरेटा दोन दिवस वहीला हात न लावता बसली. लिहावं तर पोराच्या पोटावर पाय, न लिहावं तर एकोणचाळीस वर्षांच्या कामाला काय अर्थ? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळं लिहून काढलं. निरोगी असेल तर मागतोय तेवढ्या पैशांचा आहे, हेही लिहिलं. खांद्याचंही लिहिलं.

हेवरकँपनं खांद्याचं पान वर काढलं. "भाव पाडायला हे एवढंच पुरे."

"दोन्ही पानं एकत्र राहतील," ती म्हणाली. "नाहीतर दोन्ही परत दे. आणि सौदा करण्याआधी त्याचा खांदा नीट तपासून घे. सौद्यासाठी नाही, त्याच्यासाठी."

तपासणीत सांध्यातली कूर्चा फाटलेली निघाली. एजंटचा ताठा उतरला. करार झाला एका वर्षाचा, पन्नास लाखांचा, आणि शस्त्रक्रिया क्लबच्या खर्चानं.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाचे दिवस होते. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असते. लोरेटा बसली होती, तेवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. गेन्स तिच्यासमोर येऊन बसला. शस्त्रक्रिया झालेला डावा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत.

"डॉक्टरला दिसलं नाही, कोचला दिसलं नाही, मिस लोरेटा. एकट्या तुम्हाला दिसलं. आणि तुम्ही जाऊन सांगितलंत."

"हो, सांगितलं."

"आधी मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"काही दुखत नाही म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय! आईला घर घेऊन देणार होतो मी. आता एका वर्षाचा पाहुणा झालोय." खुर्ची मागं सारून तो उठला. "तुमचं खरं असेल. पण माझ्याशी बोलू नका."

लोरेटानं ताट तसंच ठेवलं आणि ती कोट घालून निघाली.

तो वर्षभर बोलला नाही. पहिले पाच सामने बाहेर बसला, पुढचे सगळे खेळला. लोरेटानं प्रत्येक डाव चार वेळा पाहिला. या खेपेला तिनं एका ओळीत लिहिलं, "दोन्ही हात ठीक. मागेल ते द्या." हेवरकँप हसला. "तुला त्याची दया येतेय." त्यानं आठवडाभर घोळ घातला. तेवढ्यात दुसऱ्या क्लबानं गेन्सला तीन वर्षांचे दोन कोटी चाळीस लाख देऊन उचललं.

सामान न्यायला आला तेव्हा तो खोलीच्या दारात उभा राहिला.

"तीन वर्षांच्या करारात नव्वद लाखाला पडलात तुम्ही मला."

"माहीत आहे."

"दाखवा तरी, काय दिसलं होतं ते."

तिनं नववा सामना लावला. तो खाली वाकून बघत राहिला.

"एवढा खाली होता हात?"

"एवढा."

"आणि मला वाटत होतं, मी झकास लपवलंय." माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि तिनंही माफी मागितली नाही. बाजूची खुर्ची ओढून तो बसला. खुर्ची कुरकुरली.

"बरं, आता यंदाची फिल्म लावा. आणखी काय काय चुकतं माझं?"

"पहिलं पाऊल," लोरेटा म्हणाली. "उशिरा पडतं."

"उशिरा? माझं?"

"तुझंच. बघ." तिनं यंत्र सुरू केलं आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघं वाद घालत बसले.