जिवतीची भिंत

आमच्या तेल्हारा तालुक्यात फवारणीवाला दारात आला की लोक आधी ढेकणांचं विचारतात. "याच्यानं ढेकूण मरते काय, भाऊ?" मरत नाही म्हटलं की संपला लोकांचा रस. आणि ज्या माशीसाठी औषध मारायचं, ती कोणाला दिसतच नाही. वाळूमाशी. मच्छरापेक्षाही बारीक, मातकट, धड उडताही येत नाही तिला, टुणूक टुणूक उड्या मारते. भिंतीच्या भेगेत राहते, शेणाच्या ढिगाजवळ वाढते. तिच्या चाव्यानं सकाळी तापलेलं लेकरू संध्याकाळी राहत नाही. मी गावची आशा सेविका, नाव चंदा. अशी दोन लेकरं मी माझ्या हातांनी गाडीत बसवून दिली आहेत, त्यामुळे मला यात कोणी शहाणपण शिकवू नये.

शालिकरामभाऊ बारा वर्षं फवारणीचा पंप वाहत होता. पावसाळ्यात फवारणी, बाकीचे महिने दुसऱ्याच्या केळीत मजुरी. बाकीचे गडी भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर दोन फवारे मारून मोकळे होत. हा माणूस पंपासकट खाली बसायचा आणि जमिनीलगतची भेग न् भेग धरायचा. "माशी खाली राह्यते, अन् हे लेकाचे आढ्याले आंघोय घालून राह्यले," असं पुटपुटायचा. सोबत डब्यात कालवलेली माती. मोठी भेग दिसली की स्वतःच बुजवायचा. बाया हसायच्या, भाऊले भेगांचं याड लागलं म्हणायच्या. त्याला काही वाटायचं नाही.

त्याचं भांडण एकाच गोष्टीशी होतं. आषाढातल्या अवसेला आमच्याकडे जिवती पुजतात, लेकरांना आयुष्य मागायला. त्याआधी बाया भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा देतात आणि त्यावर जिवती काढतात. फवारणीही नेमकी त्याच आठवड्यात. औषधावर पोतारा बसला की औषध गाडलं गेलं. भाऊ घरोघरी हात जोडून सांगायचा, "पोतारा आधी द्या, औषध वरून येऊ द्या, डाग पडला त पडू द्या. जिवती रागावत नाई." बाया मान हलवायच्या आणि त्याची पाठ वळली की मनासारखं करायच्या.

गेल्या वर्षी फवारणी त्याच्या घरी आली ती अवसेच्या दोन दिवस आधी. मी सोबत होते. सून गीतांजली आणि मुलगा मनोज निंदणाला गेले होते. चार वर्षांची नात, दामिनी, ओसरीत बाहुलीला जेवू घालत होती. तीन भिंती झाल्या. चौथीपुढं शकुनवयनी, भाऊची बायको, आडवी उभी राहिली. भिंत नुकतीच पोतारलेली, गायीच्या दुधासारखी पांढरीशुभ्र.

"आवो, तेवढी भित सोडा न. परवा जिवती काढाची हाय. तीन दिसानं तुमीच मारजा."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. गीतांजलीचं पहिलं लेकरू पाळण्यातच गेलं होतं, त्यानंतर ही दामिनी. गावाला बारा वर्षं 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला बायकोला नाही म्हणता आलं नाही. "तीन दिसानं मारतो," म्हणाला. मला म्हणाला, "लिव्ह बाई, पूर्ण." सगळ्या घराला औषध लागलं याची खूण म्हणून मी गेरूनं दारावर तारीख टाकून 'पूर्ण' लिहिलं. माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी पंप पुढच्या गावाला गेला. त्या फेरीत तो परत आलाच नाही.

जिवती झाली, त्यानंतर नवव्या दिवशी दामिनी सकाळी तापली. दुपारी झटके. जीप करून अकोल्याला नेलं. दिवेलागणीला ती गेली. दामिनी आजीजवळ निजायची, त्याच भिंतीला लागून. ती माशी कोणत्या भेगेतली होती, हे कोणी सांगू शकत नाही. नमुना पुण्याला गेला म्हणाले. उत्तर आलं की नाही, आम्हाला कोणी सांगितलं नाही.

महिनाभरानं दुसरी फेरी आली. पहिल्याच दारात माणिकबाई कमरेवर हात ठेवून उभी. "तुमच्या दारावर पूर्ण लिवलं होतं न, भाऊ? मंग पोरगी कावून गेली? पानी मारता तुमी." तिच्या घरात दोन लहान नातवंडं. त्या गल्लीत पाच वर्षांखालची अकरा लेकरं. दोन दिवसांत एकही दार उघडलं नाही.

मी भाऊला बाजूला घेतलं. "खरं सांगून टाका. एक भित सोडली होती म्हना. गाव ऐकन."

"अन् कोनं सोडाले लावली, ते नाई विचारनार?" तो म्हणाला. "गीतांजलीले कयलं त थे शकुनले पान्याचा घोट देईन काय?"

"अन् मंग ही अकरा पोरं?"

तो पंप उचलून चालू लागला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

तिसऱ्या दिवशी तो माणिकबाईच्या अंगणात गेला. गल्ली जमलेली. पंप खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "औषध खोटं नाई. माह्या घरी मी मारलंच नवतं. आंगचोरी केली. दिवस सरला होता, कटाया आला होता. पूर्ण लिहाले बी मीच लावलं." मग माणिकबाई दारातून बाजूला झाली. "मारा," म्हणाली, "पन पुन्हा माह्या उंबऱ्यात येऊ नका." संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली झाली. तो प्रत्येक घरात खाली बसून भेगा धरत होता. कोणी त्याला पाणी विचारलं नाही.

आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा गीतांजली ओसरीत उभी होती. भाऊचं बोलणं गावानं आधीच तिच्यापर्यंत पोचवलं होतं. ती सासऱ्याकडे बघेना. सासूला म्हणाली, "आई, तुमाले माईत होतं?"

शकुनवयनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. तिनं पदर तोंडाला लावला. "मले काय माईत, बाई," म्हणाली.

"तिले काय माईत," भाऊ म्हणाला.

मी तिथंच होते. 'पूर्ण' माझ्या हातचं होतं, नोकरी जायची भीती होती. मीही काही बोलले नाही.

पुढच्या फेरीच्या यादीत भाऊचं नाव नव्हतं. मनोज आणि गीतांजली तर लगेचच्या सोमवारीच अकोल्याला राहायला गेले. निघताना गीतांजली सासूच्या पाया पडली, गळ्यात पडून रडली. भाऊ त्यांची पेटी उचलायला पुढं झाला तर तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.