वच्छामावशीचं पहिलं उत्तर

बातमी आली तेव्हा मी माझाच आवाज ऐकत बसले होते. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात, कानाला हेडफोन लावून. भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांसाठी आम्ही मोबाइलवरचे धडे तयार करतो. उत्तर चुकलं की माझा आवाज येतो, 'हरकत नाही... परत एकदा सावकाश बघू या,' आणि मग समजावून सांगणं सुरू होतं. तेच वाक्य तपासत होते आणि फोन थरथरला. अकोल्याहून प्रणितावहिनी, माझ्या मावसभावाची बायको. "ताई, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. घाईत मी एकच हेडफोन काढला होता. तिच्या रडण्यासोबत दुसऱ्या कानात मी अजून कुणाला तरी हरकत नाही म्हणत होते.

वच्छामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अकोल्याच्या कडेला दीड एकर रान, त्यात शेवंती आणि झेंडू. मूर्तिजापूर मागे पडलं की मला बसमध्ये हमखास डुलकी लागायची आणि त्या डुलकीतच तिची ओसरी दिसू लागायची... फुलांचा ढीग, त्यावर मारलेलं पाणी, दुपारचं पिवळं ऊन आणि मधोमध पाय पसरून हार ओवणारी मावशी. प्रत्यक्षात पोचले की तेच चित्र समोर असायचं, त्यामुळे जाग नेमकी कुठे आली हे मला कधी सांगता आलं नाही.

नोकरी सांभाळून मी पीएचडी करते. मोठी माणसं मोबाइलवरून कशी शिकतात, हा विषय. शेवंतीचा धडा तयार झाला तेव्हा शिकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव मी मावशीचंच घातलं. तिनं पितळी लोट्याला फोन टेकवून ठेवला आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. "मले शेवंती शिकवून राहिली व तू?" म्हणाली. पण शिकली. रोज दुपारी, हार ओवता ओवता, नेमानं. माझ्या यादीत इतक्या वेळा धडा उघडणारं दुसरं कुणी नव्हतं आणि इतके कमी गुणही दुसऱ्या कुणाचे नव्हते.

शेवटची भेट झाली ती अशाच एका दुपारी. मी उभ्या उभ्याच आले होते, एक डोळा घड्याळावर. "माहा नंबर कितवा आला व मीनू?" तिनं विचारलं.

"शेवटचा," मी हसत म्हणाले. "चाळीस वर्षं शेवंती लावून शेवटचा नंबर, मावशी..."

"येऊ दे. कोनाचा तरी येतेच ना." सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "जराक बस ना."

पुढच्या वेळी बसते म्हणाले आणि चपला घातल्या. मी चांगली शिकलेली बाई आहे, पण त्या दिवशी मला काही म्हणजे काही कळलं नाही.

तेरावं आटोपून परतले आणि प्रबंधासाठी जमवलेल्या माहितीचा तक्ता उघडला. धडा अर्धवट राहिलेल्यांची नावं काढून टाका, असं मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं होतं. मावशीची ओळ पुसायची म्हणून निवडली आणि बोट थांबलं. प्रत्येकाचं पहिलं उत्तर कोणतं, दुसरं कोणतं, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं; गुण मात्र पहिल्याचेच धरतात. तिचं एकूण एक पहिलं उत्तर चुकलेलं होतं आणि एकूण एक दुसरं उत्तर बरोबर. मी खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. चार पर्यायांतून डोळे मिटून बोट ठेवलं तरी मधूनमधून बरोबर उत्तर लागतंच. एकदाही न लागण्यासाठी बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं.

त्या रविवारी अकोला गाठलं. ओसरीत वहिनी हार ओवत होती. तिला विचारलं, मावशी मुद्दाम चुकायची का गं? सुई न थांबवता ती म्हणाली, "तुमाले मालूम नोतं काय, ताई? आई म्हनत, बरोबर दाबलं का फोन नुसता हिरवा होते अन् चूप बसते. चुकलं का मग माही मीनू बोलते."

  डोळ्यांतलं पाणी मी लपवलं नाही.

फोन अजून त्याच लोट्याला टेकलेला होता. ती जिथे सोडून गेली तिथून धडा उघडला. शेवंतीची छाटणी कधी करावी? मला उत्तर ठाऊक होतं, मीच लिहिलेलं. चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलं. 'हरकत नाही... परत एकदा सावकाश बघू या.' आवाज ओसरीभर झाला. किती मायेनं, किती थांबत थांबत बोलत होते मी. शिकणाऱ्याला घाई वाटू नये म्हणून तसं बोलायचं, हा आमच्या कामाचा नियमच आहे. मावशीशी मी समोरासमोर इतकं सावकाश कधीच बोलले नव्हते.

मावशीची ओळ मी पुसलेली नाही. मॅडमना काय सांगायचं ते बघीन. त्या दुपारी मी चपला काढल्या, फुलांच्या ढिगाशी वहिनीजवळ बसले आणि पुढचा प्रश्नही चुकवला.