आक्काच्या मोरीतला पावडरचा डबा

किल्लारीकडच्या भूकंपात आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर पडलं आणि दाजी त्यात गेले. पुढचा उन्हाळा तिनं पत्र्याच्या शेडमध्ये काढला. अंगभर घामोळं उठलं होतं. मदतीच्या सामानात पावडरचा एक डबा आला, मोठ्या कंपनीचा, निळ्या टोपणाचा. तो तिनं जन्मभर सोडला नाही.

आमच्या माहेरी, अहमदपूरला, चांगला डबा कधी टाकत नसत. पावडर संपली की बाजारातल्या बांगडीवालीकडून वजनावर सुटी पावडर आणायची आणि त्याच डब्यात भरायची. आईचा हा शिरस्ता आक्कानं पुढं लातूरला राहायला गेल्यावरही पाळला. तिथं तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायला येत होत्या, आणि आक्कानं दोन खोल्या घेऊन त्यातल्या काही सांभाळायला घेतल्या. दिवसभर बाकावर बसून मुलींच्या जांघा काचायच्या. अडचणीच्या दिवसांत तर फारच. आक्का स्वतः कापडाच्या घडीवर पावडर भुरभुरायची, मुलींनाही तेच करायला लावायची. मोरीच्या कोनाड्यात डबा कायम भरलेला असे. पोटच्या लेकींवर याहून जास्त माया कशी करतात, मला ठाऊक नाही.

पुढं आक्काला अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. त्याच सुमारास टीव्हीवर सांगत होते, की अमेरिकेत बायकांनी पावडरच्या कंपनीवर दावे लावलेत. माझं डोकंच तडकलं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, संशय आहे, पावडर ज्या दगडाची करतात त्यात कधी कॅन्सर करणारं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं निघतं, पण हिला त्यानंच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. मला तर छातीठोक सांगणाराच हवा होता. मी वकील गाठला आणि तो निळ्या टोपणाचा डबा त्याच्या टेबलावर आपटला. त्यानं शांतपणे विचारलं, आतली पावडर कुणाची?

आता काय सांगणार? आमच्या काटकसरीनं कंपनीला अलगद सोडवलं होतं. बांगडीवाली कधीच वारली होती, आणि असती तरी त्या गरीब बाईवर कसला दावा लावायचा? वकिलावर उगाच चिडून मी घरी आले.

आक्काला दाव्याचं सोयरसुतक नव्हतं. तिनं एकच धरून ठेवलं होतं. "माझं जाऊ दे. त्या पोरींचं कसं? दुसऱ्याच्या लेकी व्हत्या गं. मी माझ्या हातानं दिली." आजारापेक्षा त्या विचारानंच तिचं अन्न तुटलं.

त्या मुलींपैकी एक आता नांदेडला बायकांची डॉक्टर झाली आहे. ती भेटायला आली, तेव्हा आक्कानं तिचा हात धरून तेच विचारलं. मुलगी हसली.

"मावशी, रागावू नका. आम्ही कुणी लावतच नव्हतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून रोज थोडी मोरीत सांडायचो."

"इतकी पावडर पाण्यात घालून राहिल्या व्हत्या व्हय," आक्का म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मग किती दिवसांनी तिनं आपणहून वरणभात मागितला. मुलीनंच तो कालवून दिला.

मी मुलीला दारापर्यंत सोडायला गेले. माझ्या आक्काला चांगलंच बनवलंत की, असं मी थट्टेनं म्हटलं. ती खाली वाकून चपलांचे बंद लावत होती. वर न बघताच बोलली.

"सगळ्याच लावायचो. आता एकेकीला शोधून तपासणीला बोलवून राहिलेय. मावशींना कळू देऊ नका."

आतून आक्का भात अजून आहे का विचारत होती. मी हो म्हणाले आणि वाढायला गेले.