कडू लागलेला पाला

या गं, अशा जवळ बसा. दारातून ऐकून निघून जायची ही गोष्ट नाही. परवा तुमच्यातल्याच एकीनं पोराला दटावलं, "सापाचं नाव काढू नकोस, भीती बसेल." चारचौघांत मी बोलले नाही. पण चुकलीस बाई. राग मानू नकोस, चुकलीसच.

आमचं गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठाला. स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. मी अकराची, धाकटी बहीण पाचाची. आमच्याकडं सापाला साप म्हणायचं नाही, नाव घेतलं की येतो म्हणे. नाग असो, धामण असो, सगळ्यांना एकच शब्द, लांबडं. मग पोरांना फरक कळावा कुठून?

बाजरी काढायचे दिवस. बांधावरचे दगड मांडून आम्ही दोघी चूल-चूल खेळत होतो. धाकटीनं एक दगड उचलला आणि किंचाळली. खाली वीतभर, मातकट वेटोळं. अंगावर अंग घासत होतं, करवत चालावी तसा आवाज. तिच्या बोटाला ते चावलं होतं. मी तिला उचलून धावत सुटले.

चुलत्यांनी विचारलं, "केवढं हुतं?"

"वीतभर."

"मंग त्याला कसलं आलंय इख? गांडूळ बघून भ्याल्या का काय ह्या!"

तरी रीत म्हणून तिला मारुतीच्या पारावर नेलं. चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर काही नाही. धाकटीनं पाला तोंडात घातला आणि चुलत्यांच्या धोतरावरच थुंकली. "शी! कडू हाय!"

सगळा पार हसला. नारळ फुटला. मी ओरडत होते, "तिचा हात बघा किती सुजलाय, नगरला न्या!" तर चुलते म्हणाले, "तू लई शहानी झाली का?" आणि एक थोबाडीत.

दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तेव्हा गाडी जुंपली. बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून मोटारीनं नगर. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "साप कुठला होता?"

"लांबडं हुतं, सायेब."

"अहो, कुठलं लांबडं?"

पारावर हसलेली माणसं खाली बघत उभी. एवढ्या मिशा, एवढी पागोटी, आणि एकालाही सांगता येईना! मी आईच्या मागून पुढं झाले. वीतभर, मातकट, अंगाला अंग घासतं, सगळं सांगितलं.

"फुरसं," डॉक्टर म्हणाले. "कालच आणायचं होतं गं."

काल! काल तर आम्ही नारळ फोडत होतो.

तिसऱ्या दिवशी ती गेली. "तिची दोरीच तेवढी," असं बायका म्हणाल्या. मला अजून त्या शब्दाची चीड येते. दोरी कसली? फुरशाच्या विषानं जिभेची चव जात नाही, रक्त गोठायचं थांबतं. हे माहीत नसताना पारावर तोऱ्यात बसून निकाल देणाऱ्यांनी माझी बहीण मारली. मोठे होते म्हणून काय झालं?

मग मी विचारत सुटले. गवत कापायला येणाऱ्या एका म्हातारीला सगळं ठाऊक होतं. पुढच्या नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचं काम माझ्याकडं आलं. मी नागाशेजारी फुरसं काढलं. अंगभर साखळी असलेली घोणस काढली. काळ्या अंगावर पांढरे पट्टे शेपटीकडं ठळक ती मण्यार, मानेकडं ठळक तो बिनविषारी कवड्या. उंदीर खाणारी धामणही काढली. गल्लीतली पोरं बसवून एकेकाचं नाव वदवून घेतलं.

चुलते आले. "बोलावतीस का सगळ्यांना घरात?"

"पुजायला चालतात, मग ओळखायला का नाही?" मी म्हणाले. त्यांनी शेणाच्या बोळ्यानं भिंत सारवून टाकली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळशानं चित्रं काढली. चुलते दुसऱ्यांदा सारवायला गेले तर आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कधी त्यांच्यासमोर मान वर न करणारी बाई. तिथून हलली नाही.

तेव्हा पोरांना भीती बसेल म्हणून गप्प करणाऱ्यांनो, भीती बसू दे थोडी. नाव ठाऊक असू दे. तुम्हाला सांगणं जमत नसेल तर माझ्याकडं आणा. माझे डोळे आता फार दिवस साथ द्यायचे नाहीत, कोळसा मात्र अजून हातात धरता येतो. पेरण्या उरकल्या की लगेच या, आणि पोरांना घरी ठेवून येऊ नका.