दात नीताचे, गप्पा माझ्या

लखनौ, १० फेब्रुवारी १९८६

मैत्रिणींनो, सप्रेम जयभीम.

आपलं कॉलेजचं फिरतं पत्र इतके महिने माझ्याकडेच अडकलं, माफ करा. लिहायला बसले की नुसत्या तक्रारीच सुचायच्या.

आज नीताचे दात सरळ करायला डॉक्टर ठरवायचा होता. इथल्या महानगर भागातल्या डॉक्टरांनी मागे एक्स-रे काढला, दातांचा साचा घेतला, पण बोलले मोजकंच. म्हणून आज लेकीला घेऊन अलीगंजला दुसऱ्यांकडे गेले. आडनाव ऐकताच ते म्हणाले, "जयभीम ताई! मी नागपूरचा, तुम्ही कुठल्या?"

आमच्या यांची जोधपूरला बदली झाल्यापासून माझ्याशी मराठीत कोणी बोललंच नव्हतं. नीताला कळतं, पण उत्तर हिंदीत. मी बोलतच सुटले. मध्येच डॉक्टर म्हणाले, "दोन दात काढू, मग तार लावू." मी लगेच हो म्हटलं.

रिक्षात नीता म्हणाली, "मम्मी, उन्होंने मेरा मुँह ठीक से देखा भी नहीं. आप दोनों तो नागपुर घूम रहे थे."

"अगं, आपला माणूस आहे."

"तो आप ही लगवा लो तार!"

मला हसू आलं, पण घरी आल्यावर टिकलं नाही. तार तिच्या तोंडात राहणार, आणि मी डॉक्टर निवडला तो माझ्याशी कोणीतरी बोलावं म्हणून. तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? की मीच इतकी एकटी पडलेय?

उद्या: महानगरच्या डॉक्टरांकडे नीताचा नंबर लावणे.