माहेरच्या केळीचा भाव

येणारे ते नावे, जाणारे ते जमा. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधी गल्ल्यावर बसून पैसे घेतले नसावेत. पैसे हातात आले की जमा झाले, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हिशेबाचं पुस्तक म्हणतं, रोकड आली, रोकड खाते नावे. मी नणंदेला विचारलं, "आलेले पैसे नावे का?"

"नियम आहे."

"पण का आहे?"

"वहिनी, अकरावीच्या पोरी इतकं डोकं नाही खात, जितकं तू खाऊन राहिली."

नणंद शाळेत कॉमर्स शिकवते आणि दर रविवारी माहेरी, म्हणजे आमच्याकडे, येते. पूर्वी ती आली की आम्ही गप्पा मारायचो. त्या उन्हाळ्यापासून मात्र ती लाल पेन घेऊन यायला लागली आणि मला रविवारचा धसका बसला.

हे दुखणं मी हौसेने मागून घेतलेलं नव्हतं. राजपुऱ्यातल्या आमच्या घराला रस्त्याकडे उघडणारी एक खोली आहे. तिथे मी कच्च्या केळीचे चिप्स तळून विकते. मोबाइल दुरुस्त करणारा एक जण ती खोली भाड्याने मागत होता आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर ते भाडं नाचायला लागलं होतं. एकदा जेवता जेवता त्याने सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत देखतो. भाड्याइतका फायदा निघाला तर कमरा तुझा. नाही तर किराएदार पक्का."

मी छातीठोकपणे हो म्हटलं. भाड्याच्या वर सुटतंय हे मला ठाऊक होतं, वहीत लिहिलेलंच होतं. ती वही मी त्याच्यापुढे टाकली. त्यात तेलाच्या डब्याखाली दूध होतं, दुधाखाली दाताचा डॉक्टर, त्याखाली चिप्सच्या पिशव्या आणि कोणाच्या तरी लग्नाचा आहेर. नवरा एका दफ्तरात बाबू आहे, कागद पाहिला की त्याला कंठ फुटतो. "हा हिसाब आहे का किराण्याची यादी?" तो हसला. मला इतका राग आला की त्याच रविवारी मी नणंदेसमोर नवी वही ठेवली आणि म्हणाले, शिकव.

तिने पहिलाच धडा असा दिला की मला पेन फेकून द्यावंसं वाटलं. "दुकान अलग, तू अलग. असं समज की दुकान म्हणजे दुसराच कोणी माणूस आहे."

कढई माझी, हात माझे, चटके माझे आणि दुकान दुसराच कोणी! पाहुणे आले की मी बशीभर चिप्स पुढे करायची. आता ते 'उचल' म्हणून, म्हणजे मालकिणीने दुकानातून स्वतःसाठी नेलं म्हणून, लिहायचं. इच्छादेवीच्या दर्शनाला आलेले नातेवाईक जाताना दोन-दोन पाकिटं पिशवीत टाकायचे, तीही उचल. नवरा दफ्तरात वाटायला पाकिटं न्यायचा, तीही माझीच उचल. मी म्हणाले, "मी माझ्याच घरातून चोरी केल्यासारखं वाटतं गं." ती म्हणाली, "लिही." कधी डाव्या बाजूचं उजवीकडे जायचं, कधी उजव्या बाजूचं राहूनच जायचं. ताळा जुळायचा नाही. ती लाल रेघ मारायची आणि चहा मागायची. चहाही मीच करायचा.

तरी पावसाळा संपेपर्यंत बरंचसं जमलं. दोन्ही बाजू जुळल्या. नफा काढला, तो भाड्याच्या वरच होता. मी जिंकले होते. नणंदेने पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, केळी कुठे आहेत?"

"पोत्यात आहेत."

"वहीत कुठे आहेत?"

वहीत केळी नव्हती. माझं माहेर इच्छापूरचं. भावाचा केळीचा बाग आहे. व्यापारी गाडी भरताना बारीक घड, डागी घड बाजूला काढतात, ते भाऊ दुधाच्या गाडीवर ठेवून मला पाठवतो. त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत, मी विचारले नाहीत. माहेरहून आलेल्या वस्तूचा भाव कोणी विचारतं का? लुगड्याचा विचारत नाहीत, लोणच्याचा विचारत नाहीत. चिप्सच्या हिशेबात केळीच नाहीत, हे मला तोपर्यंत खटकलंही नव्हतं.

"माहेरच्या केळीला भाव कसला?" मी म्हणाले.

"मग हा धंदा नाही वहिनी. हे माहेर आहे. उद्या त्याने नाही पाठवली तर?"

"माझा भाऊ पाठवणार नाही?" माझा आवाज इतका चढला की नवरा आतून डोकावला. ती बिचारी वही मिटून निघून गेली. मी दोन दिवस धुमसत होते. पुस्तकं वाचून माणसं अशी कोरडी होतात, असं मी भिंतीलासुद्धा ऐकवलं. मग तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी इच्छापूरची बस धरली.

भाऊ बागेत होता. मी म्हणाले, "केळीचे पैसे घे. वहीत लिहायचे आहेत."

तो हसायलाच लागला. "ताई, पागल झाली का तू? बहिणीकडून केळीचे पैसे घेऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?" आणि मला आणखी दोन घड बांधून द्यायला निघून गेला. मी खुशीत आले. नणंदेला सांगायला उत्तर मिळालं होतं.

भावजय मला बसपर्यंत सोडायला आली. रस्त्यात ती जरा अडखळत म्हणाली, "ताई, राग नका मानू. अशा मालाला आता गिऱ्हाईक लागलं आहे. कारखान्याचा टेम्पो येतो, जागेवर रोख देऊन जातो. हे त्याला दर वेळी नाही म्हणून परत पाठवतात. म्हणतात, ताईचा धंदा बसेल. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मी टेम्पोचा भाव विचारला. तिने सांगितला. बसमध्ये तो भाव माझ्या डोक्यात गरगरत होता आणि मला रडू येत होतं. भावाचा राग, नणंदेचा राग, सगळ्यात जास्त त्या वहीचा राग. ही वही नसती तर मी सुखात चिप्स तळत बसले असते.

घरी येऊन केळी लिहिली, टेम्पोच्या भावाने. नफा भाड्याच्या खाली गेला. पुन्हा बेरीज केली, पुन्हा खालीच. केळीशिवायचं पान अजून वहीत होतं. तेच पुढे केलं असतं तर खोली माझी होती. नवऱ्याला फरक कळलाही नसता. पण मग खोलीचं भाडं माझा भाऊ भरत राहिला असता, न बोलता.

दिवाळीच्या आधी मी केळीचं पान नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने थेट शेवटचा आकडा पाहिला. "कमी पडलं ना?"

"पडलं."

"मग?"

"मग द्या भाड्याने." त्याने दिलीही. किराएदाराने आठवड्याभरात आपली पाटी लावली.

भाऊबीजेला मी भावाशी भांडले. पैसे घेईना तेव्हा त्याच्या पोरीच्या हातात ठेवले. आत्याने भाचीला दिलेलं कोणी परत करत नाही. आता दर महिन्याला असंच करते. चिप्सची किंमतही वाढवली, माझा माल घेणारे दोन दुकानदार तुटले. कढई मागच्या ओसरीत लागते. सगळा धूर घरात येतो, नवरा खोकतो. खोकू दे.

परवाच्या रविवारी नणंदेने वही मागितली. घेणाऱ्याचे नावे, देणाऱ्याचे जमा, हा पुस्तकातला दुसरा नियम मी दोन पानांवर तिला न विचारता लावला होता. एका पानावर माझा भाऊ जमेला होता. दुसरं पान मी नव्याने उघडलं होतं. खोलीचं भाडं ज्याच्या खिशात जातं, त्याने दफ्तरात वाटायला नेलेली पाकिटं मी आता माझी उचल म्हणून लिहीत नाही. ती उधारी आहे, आणि ती त्याच्या नावे आहे.

त्या पानावरचं नाव नणंदेने दोनदा वाचलं. शेवटी तो तिचा सख्खा भाऊ. मग तिने लाल पेनाचं टोपण लावलं.

"एंट्री बरोबर आहे, वहिनी," ती म्हणाली. "वसूल कर."