साडेसातची जाहिरात

आईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा आम्ही फुलपाड्यात राहत होतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात केबलवाल्याच्या चॅनेलवर एका वैद्याची जाहिरात लागली: ऑपरेशनशिवाय कॅन्सर बरा. आईला ऑपरेशनची भयंकर धास्ती. मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं, पण ती त्या वैद्याच्या पुड्यांवरच राहिली.

सुरुवातीला तिला तरतरी आली, हेही खरं. तेवढ्यात वैद्याची माणसं कॅमेरा घेऊन घरी हजर. आईनं ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली आणि मला विचारलं, "मागून केस नीट आहेत ना रे?" जशी काही बातम्याच द्यायला बसणार होती. मग कॅमेऱ्यासमोर हसून म्हणाली, "मी आता ठणठणीत बरी झाले."

गणपतीनंतर ती गेली. तिची जाहिरात मात्र रोज संध्याकाळी साडेसातला चालूच राहिली.

मी केबलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, मी फक्त दाखवतो. कॅसेट त्यांची." वैद्य म्हणाला, बाई स्वतःच्या तोंडानं बोलल्यात. पोलीस चौकीत म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संतापानं अंगाची लाही लाही व्हायची. घरी टीव्ही बंद करावा तर बाबा रिमोट सोडत नसत. आईचा आवाज त्यांना तेवढाच उरला होता. त्यांच्यावर काय चिडणार? आज असल्या जाहिराती मोबाईलवर येतात. तेव्हा निदान भांडायला केबलवाल्याचं दुकान तरी होतं.

एका संध्याकाळी कळंबची एक बाई केबलवाल्याकडूनच पत्ता काढून दारात आली.

"टीव्हीतल्या ताईंना भेटाचंय. माज्या पोरीलापन तसलीच गाठ हाय."

"आई गेली," मी म्हणालो. "त्याच गाठीनं गेली. पोरीला आधी हॉस्पिटलात न्या."

भिंतीवरचा हार घातलेला फोटोही दाखवला. तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, पटलं हिला. इतक्यात आतून आईचा आवाज आला, "मी आता ठणठणीत बरी झाले."

बाईनं मान पुढे काढून आत पाहिलं. पडद्यावर आई हसत होती आणि खाली फोन नंबर होता.

"बगा, किती बऱ्या दिसतायत," ती म्हणाली आणि माझ्याकडे पेन मागितलं.

मी दिलं नाही. हात जोडले. ती नंबर पुटपुटतच जिना उतरली.